कमलचा पहिला नंबर

६ जानेवारी, सोमवार

कमलनं माझ्या नकळत नाव घातलं.

खाली जिन्यापाशी गेल्या आठवड्यात एक कागद लागला आहे. ज्यांना दिसायला, ऐकायला किंवा चालायला त्रास आहे अशांची शीवच्या एका केंद्रात पाहणी होणार आणि ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे साधन मिळणार. मी तो कागद वाचला होता. यमक नाही, अनुप्रास नाही, म्हणून पुढं गेलो. शेजारच्या प्रितीनं मात्र तो कमलला वाचून दाखवला आणि तिथल्या तिथं फोनवर नाव नोंदवूनही दिलं.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही कविता म्हटली असतीत."

तिच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. माझ्याकडे बघितलं की म्हणे कान दिसतात, मधला चेहरा नाही. डॉक्टरांनी चष्म्यानं फरक पडणार नाही असं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तिचे डोळे म्हणजे मीच. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता, संध्याकाळी तिच्या फोनवर आलेले निरोप, सगळं मी वाचून दाखवतो. परळच्या रात्रशाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं आहे. गिरणीतून सुटून थेट बाकावर येऊन बसलेल्या माणसाला जागं ठेवणारा हा आवाज. तो घरात असताना यंत्र कशाला हवं?

तसं विचारलंही. तर म्हणाली, "मला माझं माझं वाचायचंय."

वाङ्मयाची ही ओढ पाहून मला भरून आलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं कवितेत असा रस कधी दाखवला नव्हता.

९ जानेवारी

शांताचा निरोप आला. शांता म्हणजे कमलची धाकटी बहीण. कुडाळच्या पुढं एका वाडीत असते. दिवाळीत तिचे यजमान गेले, तेव्हापासून एकटीच आहे. घरात रेंज नाही, म्हणून टेकडी चढून देवळाच्या पायरीवर बसते आणि टाइप करते. फोन लावला तर निम्मे शब्द वाऱ्यावर जातात, आणि देवळात चारचौघांसमोर आवाजी निरोप बोलायची तिला लाज वाटते. लिहिते ते शुद्ध मालवणीत, म्हणजे अगदीच अशुद्ध.

आज लिहिलं होतं, "कमळे, तुझे डोळे कशे आसत? माका घर खावक येता. म्हयनोभर येऊन ऱ्हव गो. हयसर तुका कायव करूचा नाय."

मी वाचलं, "प्रिय भगिनी कमल, तुझी नेत्रप्रकृती कशी आहे? इकडील सर्व क्षेम."

मधलं गाळलं. वर्गात एखादं कडवं जड जाणार असं दिसलं की आम्ही ते पुढच्या तासावर ढकलत असू, तसं. एक महिना म्हणजे काय थट्टा आहे? तिथं अंगणात विहीर, उंबरठा हातभर उंच. आणि इथं मागं माझं काय, हाही एक प्रश्न आहेच, पण तो दुय्यम.

कमलच्या वतीनं उत्तर धाडलं, "कमलला प्रवास झेपणार नाही, क्षमस्व." रुक्ष वाटू नये म्हणून खाली दोन ओव्या जोडल्या.

"एवढंच लिहिलंय?" कमलनं विचारलं.

"एवढंच."

"एवढं लिहायला टेकडी चढली?"

"हल्ली माणसं थोडक्यात लिहायला शिकलीत."

१३ जानेवारी

आज एकटाच शीवला जाऊन केंद्र बघून आलो. परीक्षेआधी परीक्षाकेंद्र पाहून यावं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत असे. दाराशी बसलेल्या माणसाला पाणी मागितलं आणि तो आत गेल्यावर टेबलावरचा छापील अर्ज नजरेखालून घातला. एकूण साठ गुणांची प्रश्नपत्रिका. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ओळखणे. पेल्यात पाणी न सांडता ओतणे. नोटा ओळखणे. सुई ओवणे. जिना उतरणे. प्रत्येक प्रश्नापुढं शून्य ते पाच असे चौकोन.

भिंतीवर अक्षरांचा तक्ताही होता. तोही वहीत उतरवून घेतला.

माझा हिशेब साधा आहे. साधनं थोडी, माणसं फार. अशा वेळी साधन कुणाला देणार? जो ते नीट वापरेल त्याला. आमच्या शाळेत ट्रस्टींनी एकदा सायकल ठेवली होती, ती पहिल्या नंबरालाच गेली. शेवटच्या बाकावरच्या भोसल्याला सायकलीची गरज जास्त होती, हे खरं, त्याचं घर लांब होतं. पण नियम तो नियम.

माझ्या शेवटच्या अकरा बॅचेसचा निकाल शंभर टक्के होता. माझी बायको नापास होणार नाही.

१७ जानेवारी

तयारी सुरू. तक्त्याच्या मधल्या ओळीत र, ग, म, ट, न, व, प अशी अक्षरं आहेत. सुटी अक्षरं लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांची ओळ बांधली: रानी गेली माय, टाळ नदीत वाजे पाय.

"टाळ नदीत कशाला वाजतील?" कमल म्हणाली.

"काव्यात वाजतात."

"आणि माय गेली ती परत येते का?"

"ते पुढच्या ओळीत."

पुढची ओळ अजून झालेली नाही. तक्त्याच्या पुढच्या ओळीत दोनदा 'ळ' आहे, आणि 'ळ'नं एकही शब्द सुरू होत नाही.

"अहो, पण ही परीक्षा नाहीये," ती दुपारी म्हणाली. "प्रिती म्हणत होती, जे जमत नाही तेच सांगायचं असतं."

"परीक्षकासमोर जमत नाही म्हणून कोण सांगतं? प्रितीला आजवर किती परीक्षा घेतल्याचा अनुभव आहे?"

कमल म्हणाली, "बरं. परीक्षा तुमचा प्रांत. पण साधन मला मिळायला हवं, हां. मी मजेनं नाव नाही घातलेलं."

"मिळवून देतो," मी म्हणालो. शब्द दिला.

२३ जानेवारी

पेला भरण्याची युक्ती सापडली. भुजंगप्रयात वृत्ताचा एक चरण मनात म्हणायचा. चरण संपला की पेला काठोकाठ. पहिल्या दिवशी दोन ताटं आणि माझा पायजमा भिजला, पण आता चूक होत नाही. जिन्याच्या पायऱ्या शार्दूलविक्रीडितात बसवल्या. एकोणीस अक्षरं आणि एकोणीस पायऱ्या. चाळ बांधणारा गवंडी रसिक असला पाहिजे.

नोटा लांबीवरून ओळखते. सुई तीन वेळा बोटात गेली. चौथ्या वेळी ओवली. रक्ताचा थेंब पुसता पुसता म्हणाली, "एवढं सगळं आलं तर मला तुमची गरज तरी काय उरेल?"

मला हसू आलं.

२७ जानेवारी, सोमवार

परीक्षा झाली. पेपर उत्तम गेला.

परीक्षक म्हणजे जोआन बाप्टिस्ट नावाच्या माझगावच्या बाई. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं घाईचं. बाहेर पन्नासेक माणसं बसली होती. कुणाचा पाय, कुणाचा कान. बाईंनी आम्हाला आत घेतलं आणि कमलला विचारलं, "काकी, काय काय प्रॉब्लेम होतो, सांगा बघू."

"तसा काही विशेष नाही," मी सांगितलं.

"सर, काकींना बोलू द्या ना."

मी खुर्ची मागं घेतली. कमलनं माझ्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाली, "तसा काही विशेष नाही."

मग तक्ता. तिनं सातही अक्षरं एका दमात सांगितली. ओठ किंचित हलत होते, पण आवाज ठाम होता. पेला भरला, थेंब सांडला नाही. शंभरची नोट, पाचशेची नोट. सुई पहिल्या झटक्यात. जिन्यावरून अशी उतरली की खालच्या माणसानं बाजूला होऊन वाट दिली. बाई एकेक चौकोन भरत होत्या. मधेच पेन थांबवून त्यांनी विचारलं, "काकी, तुम्हाला खरंच दिसतं हे?"

"दिसतं," कमल म्हणाली.

"वाचनाचं काय करता?"

"वाचायला मी आहे," मी म्हणालो. एवढ्या एका ठिकाणी मला बोलल्यावाचून राहवलं नाही.

येताना लालबागला उतरून पेढे घेतले. कमलनं खाल्ला नाही. परीक्षेनंतर मुलांना असा थकवा येतो.

१० फेब्रुवारी

निकालाचा कागद आला. साठापैकी अठ्ठावन्न. दोन गुण कुठं गेले ते दिलेलं नाही. खाली शेरा: "दैनंदिन कामांत स्वावलंबी. कुटुंबाचा आधार उत्तम. सध्या साधनाची गरज दिसत नाही."

मी कमलला तो उभं राहून वाचून दाखवला.

"म्हणजे साधन नाही," ती म्हणाली.

"साधन नाही, पण शेरा बघ. 'स्वावलंबी', 'उत्तम'. अगं, पन्नास माणसांत पहिला नंबर असणार तुझा."

"तुम्ही शब्द दिला होतात."

मी म्हणालो, निकाल लावण्याची पद्धत सदोष आहे, मी पत्र लिहीन. ती उठून आत गेली. पोळ्या लाटण्याचा आवाज आला, पण दुपारची जेवणं आटोपली होती. लाटल्या कशासाठी, कळलं नाही. रात्री पोळ्याच खाल्ल्या.

शेजारी दोघातिघांना निकाल सांगितला. प्रितीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही कमाल करता." तिचं अभिनंदन मी कमलपर्यंत पोचवलं.

१२ फेब्रुवारी

कमल कवितेच्या वेळी झोपून राहते. पत्र लिहायला घेतलं. मायना छान जमला आहे.

१८ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तेव्हा कमल जुन्या फोनपाशी बसून कुणाशी तरी हळू बोलत होती. ती एका मोठ्या इस्पितळात बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. बटणं तिला हातानं कळतात, आणि एकदा ऐकलेला नंबर ती विसरत नाही.

"कुणाचा होता?"

"मीच केला होता."

"कुणाला?"

"तुमचं मराठी दिनाचं काव्यवाचन किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

सत्तावीसला, संध्याकाळी पाच वाजता, गिरगावच्या वाचनालयात, असं मी सांगितलं. तिला ते विचारावंसं वाटलं, याचं बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे घडलं ते क्रमानं लिहितो. डोकं जाग्यावर नाही.

वाचनालयात मला अर्धा तास देणार होते. आधी मुलांचं लेझीम झालं, मग नगरसेवकांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली. पहिल्या कडव्यातच माइकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली. साडेसहाला घरी पोचलो.

दारात अनोळखी चपला. आत जोआनबाई. टेबलावर दोन-तीन यंत्रं मांडलेली, आणि कमल त्यांच्यापुढं बसलेली.

"सर, जरा बाहेर बसता?" बाई म्हणाल्या. "काकींचं चाललंय."

माझ्याच घरातून मला वर्गाबाहेर काढलं. गॅलरीत स्टुलावर बसलो. चाळीतल्या खिडक्या काही कुणी ऐकू नये म्हणून बांधलेल्या नाहीत. जे ऐकू आलं ते असं.

"काकी, त्या दिवशी तुम्ही मला बनवलंत ना?"

"हो."

"तक्ता पाठ होता?"

"चालीसकट. म्हणून दाखवू?"

जोआनबाई मोठ्यानं हसल्या. "मला वाटलं, काकी मंत्रबिंत म्हणतायत. पण असं का केलंत? साधन पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"आमच्याकडे नापास व्हायची पद्धत नाही हो. आणि खरं सांगू? एवढ्या लोकांसमोर मला येत नाही असं म्हणायला माझीही जीभ रेटेना. सगळं काय त्यांच्यावर ढकलू?"

"ओके. आता खरं खरं सांगा. पेला, सुई, ते सगळं सोडा. असं काय आहे जे तुम्हाला करायचंय आणि होत नाही?"

मला वाटलं, कमल आता म्हणेल, पुस्तक वाचायचंय.

"मी बत्तीस वर्षं ऑपरेटर होते," ती म्हणाली. "सर्जनसाहेबांचे फोन, पेशंटच्या बायकांचे, वॉर्डबॉयच्या मैत्रिणींचे, सगळ्यांचे जोडून दिले. आम्हाला पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं. लाइन जोडली की आपला कान काढायचा. आमच्या घरी लाइन जोडून देतात, पण कान काढत नाहीत."

"सर?"

"चांगले आहेत हो. वाईट असते तर सोपं होतं."

"मग?"

"माझी बहीण लिहिते मालवणीत, आणि माझ्यापर्यंत येतं दहावीचं पत्रलेखन. शांता जन्मात कधी 'क्षेम' म्हणाली नाही. तिचा नवरा गेलाय. ती रडते, हसते, शिव्या घालते, मला काही कळतच नाही. तिचं मला तिच्या तोंडचं वाचायचंय. आणि मला तिला लिहायचंय, मधे कुणी नको."

दहावीच्या पत्रलेखनाला पैकीच्या पैकी गुण पडावेत अशी माझी भाषा आहे, असाच याचा अर्थ होतो. तरी मी उठलो आणि गॅलरीच्या टोकाशी जाऊन नळ बंद आहे का पाहिलं. बंद होता. थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा बाई तिला शिकवत होत्या. "जे बघायचंय त्याच्याकडे सरळ नका बघू, काकी. थोडं वर बघा. शब्दाच्या डोक्यावर. तुमची कड चांगली आहे, ती वापरायची. हां, आता?"

"थांबा," कमल म्हणाली. मग एकेक अक्षर सोडवत तिनं काहीतरी वाचलं. काय ते मला कळलं नाही, कारण ती मनात वाचत होती.

निघताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "सर, आमच्याकडे जास्त मार्क पडले ना, की घरी पाठवतात."

"मग परीक्षाच उलटी आहे तुमची," मी म्हणालो.

"अर्ज पुन्हा भरलाय. या वेळी अठरा पडलेत. होऊन जाईल काम." त्यांनी ते अशा आनंदानं सांगितलं की मला अभिनंदन म्हणावं लागलं.

११ मार्च

साधन आलं. तळहाताएवढा एक कॅमेरा आहे. कागदावर किंवा फोनवर धरला की त्याच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं उठतात, एकेक सुपारीएवढं. शिवाय कमलचा फोन आता बोलतो. कानात इयरफोनचं बोंडूक घातलं की बाहेर काही ऐकू येत नाही. मी एकदा मागून घेऊन ऐकलं. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, आघात भलतीकडे. असा मुलगा मी वर्गात उभा केला नसता.

संध्याकाळी सवयीनं विचारलं, "आज निरोप वाचायचे ना?"

"वाचले," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. मोठ्यानंच वाचलं. ती मधून मधून हसत होती, पण बातमी रस्त्याच्या कामाची होती.

१५ मार्च

कमल दिवसभर फोनवर कॅमेरा धरून बसली होती. बोट वर वर सरकवत होती.

"काय वाचतेस एवढं?"

"जुनं साहित्य."

मला वाटलं, प्रितीनं काही घालून दिलं असेल. उत्सुकता वाटली, पण विचारलं नाही. आस्वाद एकट्यानंच घ्यायचा असतो.

१६ मार्च, रविवार

सकाळी चहाच्या आधीच तिनं फोन टेबलावर ठेवला.

"नऊ जानेवारी. 'कमलला प्रवास झेपणार नाही, क्षमस्व.' हे मी लिहिलं?"

"तुझ्या वतीनं."

"ओव्याही माझ्याच?"

"त्या जरा घाईत झाल्या."

"त्यावर शांतानं काय विचारलं ते तुम्ही वाचलंत?"

वाचलं होतं. 'रागावलंस काय गो?' असं होतं ते. कमलला उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं.

"चार वेळा विचारलंय तिनं," कमल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर सुचलं असतं. "जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत एकदा, शिमग्याला एकदा. टेकडी चढून. नवरा गेलेली बाई मला विचारते, रागावलीस का, आणि माझ्याकडून तिला जातं वसंत ऋतूचं वर्णन."

"तिला बरं वाटावं म्हणून."

"मी मेले असते तर तुम्ही तेही वृत्तात कळवलं असतंत."

वृत्तातच कळवलं असतं. शोकाला मंदाक्रांता वृत्त शोभतं. हे मी तिला म्हणालो नाही, एवढं शहाणपण राहिलं होतं.

"मला भीती वाटली," मी म्हणालो. "तिथं विहीर आहे."

"विहिरीची?"

तिनं चहा ओतला. काही मोजलं नाही, म्हटलं नाही. बशीत सांडला, तो तसाच राहू दिला.

"मी जाते तिच्याकडे," ती म्हणाली. "प्रितीच्या सासूबाई पाडव्यासाठी कणकवलीला निघाल्यात. त्यांच्यासोबत जाईन. शांता स्टेशनवर येते म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"काल. आम्ही बोललो लिहून."

"किती दिवस?"

"कळवीन."

मी विचारलं, मी येऊ का सोबत? ती म्हणाली, नको. रागानं म्हणाली असती तर अर्थ लावता आला असता. ती साधी, मीठ घालू का म्हटल्यावर नको म्हणावं तशी, म्हणाली.

२२ मार्च

दादरला पहाटेच्या गाडीत बसवून आलो. प्रितीच्या सासूबाईंनी खिडकी घेतली, कमल त्यांच्या शेजारी. मी फलाटावरून सूचना करत होतो: साधन चार्ज कर, उंबरठा उंच आहे, शांताला माझा नमस्कार. कमल ऐकत होती, पण बघत होती माझ्या डोक्याच्या वर, टोपीच्याही वर, एकटक. गाडी हलेपर्यंत तशीच बघत राहिली. मागं कुणी ओळखीचं उभं आहे की काय, म्हणून मी वळून पाहिलं.

कुणी नव्हतं.

२५ मार्च

वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. तिसऱ्या पानापर्यंत गेलो.

३१ मार्च

काल पाडवा. कमलला सविस्तर निरोप पाठवला, ख्यालीखुशाली आणि गुढीवर सहा कडवी. संध्याकाळी उत्तर आलं, "पहिली दोन वाचलंय. शांता हासता."

शांता कशाला हसली? ते कडवं गंभीर होतं. पुन्हा वाचून पाहिलं. तिसऱ्या ओळीत थोडं हसण्यासारखं आहे.

उत्तर मालवणीत होतं, हे मला झोपताना लक्षात आलं. लग्न होऊन ती मुंबईत आली तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, आता शुद्ध बोलत जा, मास्तराची बायको आहेस. तिनं ते पंधरा दिवसांत आत्मसात केलं होतं. माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

७ एप्रिल

जोआनबाईंचा फोन आला होता. साधन नीट चालतंय का, त्याचा आढावा घ्यायचा होता. कमल नाही, गावाला गेली आहे, असं सांगितलं.

"एकट्या?"

"शेजारणीच्या सासूबाईंसोबत. पुढं एकटीच."

"मस्त," त्या म्हणाल्या. "सर, आम्हाला फॉर्मवर लिहायचं असतं. साधनामुळं काय बदल झाला?"

मी विचार केला. म्हटलं, "घरात शांतता आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. फायद्यात लिहिलं की तोट्यात, ते विचारायचं राहिलं.

१४ एप्रिल

दुपारी कमलचा निरोप.

"आनी म्हयनोभर ऱ्हवतंय. शांताक बरा वाटता. माकाव."

उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा एकवीस ओळींचा झाला. त्यात वैशाख होता, कोकिळा होती, रिकामी गॅलरी होती, आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्याचा उल्लेख अगदी सूचक पद्धतीनं आला होता. वाचून पाहिला. उत्तम होता. ती वाचेल, दोन कडव्यांपर्यंत वाचेल, आणि तिसऱ्यातला गुडघा तिला दिसणार नाही. दिसला तर ती परत येईल.

दुसरा मसुदा नऊ ओळींचा. तिसरा तीन. त्यात कोकिळा नव्हती, गुडघा राहिला होता.

मग गुडघाही खोडला. काय उरलं ते पाहिलं. माझी आई अंगणातून ज्या भाषेत हाका मारायची, त्या भाषेत मी पन्नास-साठ वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर ती अक्षरं शोधायला वेळ लागला.

"ऱ्हव," एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

दोन खुणा आल्या, करड्या. देवळाच्या पायरीवर साधन हातात घेत असेल. फोनवर धरत असेल. शब्दाच्या वर बघत असेल. फोन मांडीवर ठेवून मी बसून राहिलो. खालच्या शिंप्यानं दुकान उघडलं, मशीन पुसलं, पायडल मारून पाहिलं.

खुणा निळ्या झाल्या.